दफनभूमीतील कबरी, समाध्या आणि स्मृतिशिला यांची नियमावली कशी तयार करावी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मृतदेह जमिनीत ठेवण्याची प्रथा मुस्लिम, ख्रिस्ती, लिंगायत आणि गोसावी समाजांत आहे, आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत ती इतर बहुतेक समाजांतही पाळली जाते. या सर्वांच्या वाट्याला आलेली जागा मात्र मोजकीच आहे आणि गाव वाढले तरी ती वाढत नाही. एकाने कबरीभोवती विटांचा चौथरा बांधला की शेजारच्या कबरीचे नातेवाईक त्याहून मोठा बांधू पाहतात; कोणी लोखंडी कुंपण घालतो, कोणी छत्री उभारतो, आणि काही वर्षांनी नवीन दफनासाठी खोदायला जागा उरत नाही, इतकेच नव्हे तर जनाजा किंवा शवपेटी आत नेण्याची वाटही उरत नाही. कबरस्तानच्या कमिटीचे सदस्य, चर्चचे पंच, रुद्रभूमीचे (लिंगायत दफनभूमीचे) विश्वस्त आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांना नियम लिहिताना हाताशी असावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यातील मुख्य आग्रह असा की नियम मृत्यूच्या आधी लिहिलेला असावा. घरात माणूस गेल्यावर कुटुंबाशी दगडाच्या उंचीवरून वाद घालणे क्रूरपणाचे आहे, आणि ओळखीच्या माणसाला सूट देऊन दुसऱ्याला नकार देणे त्याहून वाईट.

जमीन कोणाची आणि अधिकार कोणाचा

दफन, दफनभूमी, दहन आणि दहनभूमी हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत १०व्या क्रमांकावर आहेत. महाराष्ट्रात हे काम स्थानिक संस्थांकडे सोपवलेले आहे: सांगली, मिरज आणि कुपवाड शहरांत महानगरपालिकेकडे, सातारा, कऱ्हाड, वाई, विटा, तासगाव यांसारख्या गावांत १९६५ च्या अधिनियमाखाली नगरपरिषदेकडे, आणि खेड्यांत १९५८ च्या अधिनियमाखाली ग्रामपंचायतीकडे. याखेरीज अनेक कबरस्ताने वक्फ म्हणून नोंदलेली आहेत, ख्रिस्ती दफनभूमी चर्चच्या विश्वस्त संस्थेकडे आहेत आणि काही रुद्रभूमी समाजाच्या नोंदणीकृत न्यासाकडे आहेत. म्हणून पहिले काम म्हणजे सातबारा किंवा मिळकतपत्रिकेचा ताजा उतारा काढणे, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घेणे, आणि व्यवस्थापन ज्या दस्तऐवजाने कमिटीकडे आले तो ठराव, न्यासपत्र किंवा वक्फ नोंद यांची प्रत फाइलला लावणे. हे न करता केलेला नियम पहिल्याच तक्रारीत कोसळतो, कारण ‘तुम्हाला अधिकार कोणी दिला’ या प्रश्नाला उत्तर नसते.

हद्दीचा प्रश्न किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या कबरीभोवती वनजमिनीवर झालेले बांधकाम प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हटवले. हटवले गेले ते कबरीभोवतीचे बांधकाम. कबर जागेवर राहिली. मूळ खूण आणि तिच्याभोवती हळूहळू वाढत जाणारे बांधकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नियमावलीत त्यांचा उल्लेख वेगवेगळाच असला पाहिजे. सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ उभे राहू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. समाधीवर छप्पर, छपराखाली दानपेटी आणि दानपेटीमागे वार्षिक उत्सव, या क्रमाने एखादी साधी समाधी त्या आदेशाच्या कक्षेत येऊ शकते, हे विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे.

नियमाआधी नकाशा आणि नोंदवही

जागेचा साधा आराखडा काढून तिचे विभाग पाडावेत, प्रत्येक विभागाला अक्षर आणि प्रत्येक रांगेला व कबरीला क्रमांक द्यावा. नोंदवहीत मृताचे नाव, दफनाची तारीख, मृत्यू नोंदणीचा क्रमांक, दफनाची नोंद करणाऱ्या नातेवाईकाचे नाव आणि पत्ता, कबरीचा क्रमांक, खुणेचा प्रकार आणि एक छायाचित्र इतके असले की पुरते. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत व्हायची असते, म्हणून दफनाच्या दिवशी क्रमांक मिळाला नसला तर तेवढी जागा कोरी ठेवून महिनाभरात तो भरून घ्यावा. वहीची स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो उंचावरच्या घरात किंवा कार्यालयात ठेवावी. कृष्णेच्या पुरात नदीकाठच्या घरांतील कागदपत्रे कशी नाहीशी होतात हे सांगलीकरांना २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाहावे लागले आहे.

माझ्या मते दफनभूमीतील खरे स्मारक ही नोंदवहीच असते. दगड झिजतो, खचतो, वाहून जातो. वही नीट असेल तर नातवाला आजोबांची जागा सापडते. वही नीट ठेवली की मोठ्या दगडाचा आग्रहही कमी होतो, कारण लोक मोठा दगड लावतात ते पुष्कळदा जागा हरवेल या भीतीने.

माप ठरवताना

माप सर्वांसाठी एकच असावे आणि ते फूट-इंचात लिहावे, कारण गवंडी आणि पाथरवट याच मापात काम करतात. प्रौढाच्या कबरीसाठी सात फूट लांब व तीन फूट रुंद जागा धरून दोन कबरींमध्ये किमान दीड फूट आणि दोन रांगांमध्ये खांदेकऱ्यांना जाता येईल इतकी, म्हणजे किमान चार फूट वाट सोडावी. लिंगायत परंपरेत मृताला बसलेल्या स्थितीत समाधी दिली जाते, त्यामुळे तिथे लांबट ऐवजी चौरस जागा धरावी लागते आणि रांगांचे गणित बदलते. मुस्लिम दफनात चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे साधारण पश्चिमेला असतो आणि देह उत्तर-दक्षिण ठेवला जातो, म्हणून रांगांची दिशा आखणीच्या वेळीच पक्की करावी. नंतर सोयीसाठी तिरकी रांग घालणे समाजाला मान्य होणार नाही आणि होऊही नये.

उभ्या दगडासाठी जमिनीवर अडीच फूट उंची, दोन फूट रुंदी आणि तीन इंच जाडी ही मर्यादा मला योग्य वाटते. या मापाच्या ग्रॅनाइटच्या दगडाचे वजन सुमारे ९५ किलो भरते आणि दोन-तीन माणसे तो हाताळू शकतात. हाच दगड चार फूट उंच, अडीच फूट रुंद आणि चार इंच जाड केला तर वजन अडीचशे किलोंच्या वर जाते. अशा दगडाच्या उंचीबरोबर त्याच्या पडण्याचा जोरही वाढतो आणि दफनभूमीत मुले खेळतात, म्हाताऱ्या आया दगडाला टेकून बसतात. इंग्लंडमध्ये २००० साली उत्तर यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथे पडलेल्या स्मृतिशिलेखाली एका सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील अनेक स्थानिक संस्थांनी घाबरून सरसकट दगड आडवे केले, नातेवाईकांचा संताप ओढवला, आणि अखेर २००९ मध्ये सरकारने संयमाने व प्रमाणात तपासणी करण्याचे मार्गदर्शन काढले. आपण पहिल्यापासून लहान आणि घट्ट दगडाचा नियम केला तर हा सारा त्रास टळतो.

सर्वांना सारखे माप देण्यात कोणाचा अपमान होत नाही, याचा दाखला पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत पाहता येतो. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने १९१७ पासून अधिकारी आणि शिपाई यांना एकच प्रकारचा दगड देण्याचे तत्त्व पाळले आहे, आणि कुटुंबाच्या वैयक्तिक ओळीसाठी ६६ अक्षरांची मर्यादा ठेवली होती. तेथून फिरताना हुद्दा जवळ जाऊन वाचावा लागतो. दुरून सगळे सारखेच दिसतात.

कबरीवरचे संपूर्ण पक्के बांधकाम, म्हणजे चारही बाजूंनी सिमेंटचा चौथरा आणि वर फरशी, याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने जागा कायमची अडते, पावसाचे पाणी मुरत नाही आणि शेजारची कबर खोदताना चौथरा खचतो. मुस्लिम समाजात तर कबर पक्की करण्याला हदीसचा (पैगंबरांच्या वचनांचा) आधार घेऊन अनेक उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, मनाई केली आहे, त्यामुळे कमिटीने स्थानिक इमाम व उलेमांचे मत लेखी घेऊन ते नियमाला जोडावे. तांत्रिक कारणापेक्षा ते अधिक स्वीकारले जाते. लिंगायत समाधीवरचा लहान कट्टा व त्यावरील लिंग ही परंपरेची खूण आहे, तिला मज्जाव न करता कट्ट्याची लांबी, रुंदी आणि उंची बांधून द्यावी. ख्रिस्ती कबरीवरचा क्रूस उभ्या दगडाच्या उंचीच्या मर्यादेत बसवता येतो.

पाया: इथेच सर्वाधिक लक्ष द्यावे

कृष्णा आणि वारणेच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते. वर्षानुवर्षे होणाऱ्या या हालचालीने थेट मातीत रोवलेला दगड हळूहळू कलतो, आणि त्यात कबरीची स्वतःची पोकळ जमीन बसत असते ती वेगळीच. दोन्ही हालचाली एकत्र आल्या की सुंदर कोरलेला दगड तीन-चार पावसाळ्यांतच शेजारच्या कबरीवर झुकलेला दिसतो. म्हणून नियमात पहिले कलम असे असावे की दफनानंतर किमान एक पूर्ण पावसाळा उलटल्याशिवाय पक्का दगड बसवता येणार नाही. तोपर्यंत कमिटीने दिलेली क्रमांकाची खुंटी किंवा लहान पाटी राहील. कुटुंबाला हे दफनाच्या वेळीच छापील कागदावर द्यावे, तोंडी सांगितलेले त्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरे, दगडाचा पाया खोदलेल्या खड्ड्यावर नसावा, तो डोक्याकडच्या न खोदलेल्या जमिनीवर असावा. नवीन विभाग आखताना कमिटीने स्वखर्चाने प्रत्येक रांगेच्या डोक्याशी काँक्रीटचा सलग पट्टा घालून ठेवणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. त्यासाठी दोन ते तीन फूट काळी माती काढून टाकावी, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसावा आणि त्यावर सळई घातलेला सुमारे एक फूट रुंद पट्टा ओतावा. पुढे प्रत्येक कुटुंबाचा दगड या पट्ट्यावर न गंजणाऱ्या पोलादाच्या खुंट्यांनी बसतो. साध्या लोखंडी सळईच्या खुंट्या वापरू नयेत, त्या गंजून फुगतात आणि दगडाला आतून तडा देतात. पट्टा नसेल आणि सुटा दगड रोवायचा असेल तर जमिनीवरील उंचीच्या किमान एक तृतीयांश इतका भाग जमिनीत जाईल असा दगड आणावा.

महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्या जमिनीवर फुगण्याचा त्रास नाही, पण तेथील मुसळधार पावसाने उतारावरची माती धुऊन पाया उघडा पडतो. तेथे पायापेक्षा पाण्याचा चर महत्त्वाचा, आणि तो कबरींच्या वरच्या बाजूने काढावा.

नदीकाठच्या दफनभूमीत पूररेषेचा विचार वेगळा करावा लागतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते आणि २०१९ मध्ये पाणी त्याच्या बरेच वर गेले होते. पुराचे पाणी येणाऱ्या विभागात उभा दगड न देता जमिनीशी समतल बसणारी आडवी पाटीच द्यावी. पाण्याबरोबर येणारे ओंडके उभ्या दगडाला धडकतात आणि गाळ काढताना जेसीबीच्या फाळाने उरलेले दगड तुटतात.

दगड, अक्षरे आणि मजकूर

स्थानिक काळा पाषाण, ग्रॅनाइट आणि कडप्पा या तिन्हींना परवानगी द्यावी. संगमरवर पांढरा दिसतो, पण पावसात त्यावरची बारीक अक्षरे लवकर पुसट होतात. घरातील भिंतीच्या टाइल्स, आरसे, काच आणि प्लास्टिकची फुले यांना सरळ मनाई असावी. अक्षरे कोरलेली असावीत. रंगवलेली अक्षरे काही वर्षांत जातात, आणि ऑइलपेंटचे थरावर थर दिले की कोरलेलीही बुजतात.

मजकुरात नाव मृत्यू नोंदणीप्रमाणे आणि जन्म-मृत्यूची वर्षे सक्तीची ठेवून बाकी कुटुंबावर सोडावे. भाषा आणि लिपी कोणती याचे बंधन घालू नये. मराठी, उर्दू, इंग्रजी आणि जत भागात कन्नड असे सारे आपल्याकडचेच आहे. बंधन घालायचे ते जाहिरात, दुकानाचे नाव, दूरध्वनी क्रमांक, राजकीय पक्षाचे चिन्ह आणि दुसऱ्या व्यक्तीवर आरोप करणारा मजकूर यांवर. अनेक कमिट्या ‘आक्षेपार्ह मजकूर चालणार नाही’ एवढेच लिहितात. त्यामुळे निर्णय त्या त्या दिवशीच्या अध्यक्षाच्या मर्जीवर जातो, म्हणून मनाई असलेल्या गोष्टी नावानिशी लिहाव्यात.

अर्ज कोणी करायचा

दगडाचा अर्ज करण्याचा पहिला हक्क जिवंत पती किंवा पत्नीचा, त्यानंतर सर्व मुलांचा सारखा, असा क्रम लिहून ठेवावा. मुलींच्या सह्या न घेता भावांनीच दगड लावल्याचे आणि त्यावर मुलींची नावे गाळल्याचे वाद गावोगाव होतात. म्हणून अर्जावर सर्व प्रौढ मुलांची संमती असावी, आणि संमती नसेल तर वाद मिटेपर्यंत तात्पुरती खुंटीच राहील असे कलम हवे. कमिटीने वारसाहक्काचा निवाडा करू नये. तिचे काम दगडापुरते आहे. अर्जासोबत मापासह साधे रेखाचित्र आणि मजकुराची हस्तलिखित प्रत घ्यावी, एक महिन्यात लेखी उत्तर द्यावे, आणि नकार असल्यास नियमाचे कलम त्यात नमूद करावे. शुल्क असले तर सर्वांना सारखे आणि पावतीसह.

ज्यांना दगड परवडत नाही त्यांच्यासाठी कमिटीने सिमेंटची ओतीव पाटी विनामूल्य द्यावी आणि ती इतर दगडांच्याच ओळीत, त्याच उंचीवर बसवावी. बेवारस मृतदेहाच्या बाबतीत तर ही पाटी टाळताच येणार नाही. तिच्यावर पोलीस ठाण्याचे नाव, अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक आणि दफनाची तारीख असावी, कारण वर्षांनी एखादे कुटुंब शोधत आले किंवा दंडाधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली देह बाहेर काढण्याचा आदेश दिला तर नेमकी जागा दाखवता आली पाहिजे. ज्याचे कोणी नाही त्याच्या कबरीला खूण नसणे ही गावाची जबाबदारी टाळणे आहे.

आधीपासून उभे असलेले

नवा नियम जुन्या दगडांना मागे जाऊन लावू नये. ठराव झालेल्या तारखेची सगळी बांधकामे छायाचित्रासह नोंदवावीत आणि ती आहेत तशी ठेवावीत. फक्त वाट अडवणारी, पडायला आलेली किंवा दुसऱ्याच्या कबरीवर चढलेली असतील त्यांचा वेगळा विचार करावा. अशा प्रत्येक ठिकाणी आधी नोंदवलेल्या पत्त्यावर पत्र, मग दफनभूमीच्या दारावर फलक, मग स्थानिक दैनिकात सूचना, आणि या सर्वांनंतर किमान एक वर्षाची मुदत, इतकी पायरी पाळावी. मुदतीनंतर काढलेला दगड फोडू नये वा विकू नये, क्रमांक लिहून कुंपणभिंतीच्या कडेला उभा करून ठेवावा. दफनस्थळी शिरून भावना दुखावणे किंवा अवशेषांचा अवमान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, म्हणून कोणतेही काढकाम लेखी ठराव, पंचनामा आणि समाजातील ज्येष्ठांची उपस्थिती यांशिवाय हाती घेऊ नये.

शंभर वर्षांहून जुन्या शिळेला हात लावण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाला लिहावे. कोरलेला लेख किंवा शिल्प शंभर वर्षांचे झाले की ते १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. महाबळेश्वर येथे इंग्रजी अमदानीतील कबरी आहेत, आणि संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठावर छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या आणि परंपरेने शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचे मानले जाणारे स्मारक आहे. अशा जागी उत्साहाने केलेली साफसफाई सर्वांत घातक ठरते: ॲसिड, तारेचा ब्रश आणि सिमेंटचा गिलावा यांनी झालेले नुकसान भरून येत नाही. पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो, आणि सांधे भरायचे असतील तर चुन्यानेच भरावेत.

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरील यशवंतराव चव्हाणांच्या समाधीचे उदाहरण देऊन मोठ्या स्मारकाची मागणी होते. ते सार्वजनिक स्मारक आहे, त्याची जागा आणि देखभाल सार्वजनिक निर्णयाने ठरलेली आहे, आणि ते कुटुंबाच्या कबरीला मापदंड होऊ शकत नाही, असे उत्तर नियमावलीच्या प्रस्तावनेतच देऊन ठेवावे.

मंजुरी आणि त्यानंतरची तपासणी

मसुदा तयार झाल्यावर तो दफनभूमीच्या दारावर, मशिदीत, चर्चमध्ये किंवा मठात महिनाभर लावून लेखी हरकती व सूचना मागवाव्यात. हरकती ऐकण्याच्या बैठकीस स्त्रियांना आवर्जून बोलवावे. अनेक ठिकाणी त्या दफनाच्या वेळी उपस्थित नसतात, पण कबरीची देखभाल वर्षभर त्याच करतात. त्यानंतर न्यास किंवा कमिटीचा ठराव, आणि जमीन स्थानिक संस्थेची असल्यास ग्रामसभेचा अथवा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा. दंडाची तरतूद करायची असेल तर मात्र ती संबंधित अधिनियमाखालील उपविधींच्या रीतसर मंजुरीशिवाय करता येत नाही, हे मसुदा लिहिणाऱ्याने वकिलाकडून तपासून घ्यावे.

तपासणी वर्षातून दोनदा करावी, एकदा मेअखेरीस भेगा पडलेल्या असताना आणि एकदा पावसाळा सरल्यावर. दोघांनी मिळून जावे, दगडाच्या बाजूला उभे राहून वरच्या कडेवर हाताने हलका, स्थिर दाब द्यावा, आणि दगड हलला तर त्यावर पिवळी चिठ्ठी बांधून कुटुंबाला कळवावे. दगड आडवा करायचा तो पडण्याचा धोका तत्काळ असेल तेव्हाच, आणि तोही अक्षरे वर ठेवून. पूर ओसरल्यावर गाळ काढण्याचे यंत्र आत सोडण्यापूर्वी नकाशा घेऊन प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना बांबू रोवावेत, चालकाला रांगा दाखवाव्यात, आणि त्या दिवसाची तारीख, उपस्थितांची नावे व हललेल्या दगडांचे क्रमांक नोंदवहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.